अक्कांच्या स्टेजवरची गिटार

आमच्या घरात याद्या मी करते. किराणा, औषधं, कुणाच्या लग्नात काय आहेर केला, सगळं. ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या यादीत पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. टँकरचा वार कोणता, कोणत्या पिंपातलं पाणी कशाला, अंघोळीचं पाणी कुठे साठवायचं आणि मग ते कुठे वापरायचं. मुखेडहून परत आलो त्या दिवशी मी त्या यादीच्या खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं, ‘ह्यांची गिटार’.

मुखेडला काय झालं ते आधी सांगते.

माझे यजमान कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का मुखेडला राहतात, आणि त्यांची गाण्याची पार्टी आहे. जयंतीच्या दिवसांत मुखेड, जळकोट, पार धर्माबादपर्यंत त्यांना बोलावणी असतात. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतली माणसं जागची हलत नाहीत. त्यांचे यजमान, आमचे दाजी, ढोलकीवर. आणि ऐन तरुणपणी ह्यांचा बँजो. आमच्याकडचा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मांडीपुढे ठेवून वाजवायचा. लग्न ठरलं तेव्हा मला मुलाची पहिली ओळख ‘अक्काचा बँजोवाला भाऊ’ अशीच करून दिली होती.

पुढे पार्टीत कीबोर्ड आला. बँजोला काही काम उरलं नाही. कुणी ह्यांना जा म्हटलं नाही, पण एका जयंतीला हे स्टेजवर न चढता समोर सतरंजीवर जाऊन बसले, आणि पुढची काही वर्षं तिथेच बसत राहिले. गाणं सुरू झालं की डावा हात मांडीवर बटणं दाबत असायचा. मी शेजारी बसून ते बघायची.

मग ह्यांनी गिटार घेतली. स्वस्तातलीच, पण दिसायला देखणी. मधाच्या रंगाची, पोट पोकळ, छातीवर दोन्ही बाजूंना वळणदार फटी. इलेक्ट्रिक म्हटलं की भरीव ठोकळ्याची असते ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, “ठोकळा काय बोलणार? पोकळ लाकडालाच बोलता येतं. आणि घरात लाइट नसली तरी वाजवता येते.” लाइट नसण्याचा मुद्दा मला पटला. मोबाइलवर बघून बघून ते शिकले. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या बोटांना घट्टे पडले. अक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ये.

त्या फेब्रुवारीत आम्ही मुखेडला तालमीला गेलो, अक्कांच्या घराच्या पुढच्या खोलीत. गिटार अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, जोडली आणि खोलीभर घुरघुर सुरू झाली. पाण्याची मोटर कोरडी चालल्यासारखी. गाणं वर चढलं, ह्यांनी आवाज वाढवला, तशी त्या घुरघुरीतून एक शिट्टी उठली आणि थांबेचना. दारातली शेळी दावं ताणून उभी राहिली.

अक्कांनी हात वर केला. “थांबव रे, थांबव. म्या गाणं म्हणू का तुझं भोपळं ऐकू?”

“उपाशी आसंल भोपळं,” दाजी ढोलकीची वादी ओढत म्हणाले. “पाणी पाजा.”

“पाणी? हितं माणसाला न्हाई.”

“आवाज कमी करतो, अक्का,” हे म्हणाले.

“कमी केलास की तू ऐकूच येत न्हाईस. मग तिथं हायस कशाला, फोटूला?”

सगळे हसले, हेही हसले. पण चहा झाल्यावर अक्का ह्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघ. ह्या बारीला नांदेडहून लई माणसं येऊन राहिलीत. जयंतीच्या आदल्या सांजंला आपली तालीम विहारापुढं, स्टेजवरच हाय. तवा बी हे घुरघुरलं, तर कीबोर्डवर भागवते. तू भाऊ हायस म्हणून गाण्याचं वाटोळं करायचं न्हाई मी.”

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, बहुधा चहाच्या आधीच.

निघताना त्यांनी मला दारात धरलं. “तुमी इंजनेर बाई ना? बघा की जरा त्या भोपळ्याच्या पोटात काय आडकलंय.” मग लगेच नेहमीच्या सुरात, “आन् लवकर या. उद्या नवा जिल्हा झाला की आमी उदगीरचे. मग तुमच्या लातुरात आमाला पासपोर्ट लागंल.”

एसटीत हे गिटार दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले. मागच्या बाकावर दोघं जण तेच बोलत होते. नवा जिल्हा झाला तर जळकोट तिकडे, मुखेडही तिकडे जाणार, आणि कलेक्टरचं ऑफिस आलं की पाणी येईलच, असं एकाचं म्हणणं; आधी पाणी आणा मग ऑफिस आणा, असं दुसऱ्याचं. जळकोट मागे पडलं तेव्हा हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “या वेळी नाही जमलं तर विकून टाकतो. मग हा विषय घरात काढायचा नाही.”

हे रागानं बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले. म्हणून ती यादीतली रेघ.

मी इंजिनिअर नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि आयुष्यभर तारांना सोल्डरचे डाग दिले. लँडलाइन घराघरांतून निघून गेले तसं आमचं एक्स्चेंज ओस पडत गेलं. पण हात तेच आहेत. मला सवय अशी की दोष सापडल्याशिवाय स्क्रू काढायचा नाही. रविवारी सकाळी ह्यांना बैठकीच्या खोलीत मधोमध उभं केलं, गिटार गळ्यात, अँप चालू, आणि सांगितलं, “वाजवू नका. नुसते जागच्या जागी फिरा.”

हे फिरायला लागले. ट्यूबलाइटकडे तोंड केलं की घुरघुर वाढायची. दाराकडे वळले की उतरत जायची, आणि दार आणि टीव्ही यांच्या मधल्या एका कोपऱ्याकडे तोंड आलं की जवळजवळ नाहीशी व्हायची. तिथून जरा हलले की परत सुरू.

“सापडलं,” मी म्हटलं.

“काय सापडलं? म्हणजे स्टेजवर मी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहू?”

“दोष सापडला. उपाय अजून सापडायचाय.”

तारांच्या खाली ज्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडाची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज उठते, तीच अँपमध्ये जाऊन आवाज होते. पण त्या वेढ्यांना तारेचं थरथरणं आणि ट्यूबलाइटच्या चोकचं थरथरणं यांत फरक कळत नाही. खोलीत जी जी वीज फिरत असेल ती सगळी ते गोळा करतात. ह्यांच्या गिटारमधले पिकअप एकेरी, म्हणजे एकाच कॉइलचे, आणि अगदी हलक्या प्रतीचे होते. आतले वेढेही सैल असणार, म्हणून मोठ्या आवाजात ते स्वतःच हलायचे आणि शिट्टी मारायचे.

हे सगळं मी ह्यांना समजावलं. ह्यांनी मान हलवली, पण डोळ्यांत काही उमटलं नाही. तेव्हा मी उठून माळ्यावरून जुन्या फोनचा रिसीव्हर काढला. काळा, जड, डायल फिरवायच्या फोनचा. कानाकडची झाकणी फिरवून काढली, आतली पातळ पत्र्याची चकती उचलली. खाली चुंबक आणि दोन चिमुकल्या कॉइल. त्यांची दोन टोकं अँपच्या वायरला जोडली आणि तो उघडा डबा गिटारच्या तारांवर धरला.

“आता छेडा.”

ह्यांनी तार छेडली आणि अँपमधून आवाज आला. बारीक, नाकातला, लांबून ट्रंक कॉल लागल्यासारखा, पण गिटारचाच.

 हजारो रिसीव्हर मी उघडले असतील. त्या चकतीमागून लोकांच्या बातम्या, भांडणं, लग्नाच्या तारखा बाहेर पडताना ऐकल्या असतील. पण हा डबा उलट्या बाजूनंही ऐकतो, समोर लोखंड थरथरलं की ऐकतो, हे मी फक्त परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या हातातली ती वस्तू, जिला मी इतकी वर्षं ‘पार्ट’ म्हणत होते, तिला कान होता. मी ती उगाचच परत एकदा तारांवर धरली. मग आणखी एकदा.

“म्हणजे तुझ्या ऑफिसात सगळी गिटारीच होती की,” हे म्हणाले.

नवे पिकअप मागवायचं ठरलं. दुहेरी. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीचे वेढे सुलटे, दुसरीचे उलटे. बाहेरची घुरघुर दोघींत शिरते, पण एकीत सुलटी आणि एकीत उलटी, त्यामुळे ती एकमेकींना पुसून टाकतात. तारेचा आवाज मात्र पुसला जात नाही, कारण एकीच्या चुंबकाचं तोंडही उलटं ठेवलेलं असतं. मोबाइलवर हे वाचून मी चष्मा काढून बसले. कुणा माणसाला हे सुचलं कसं असेल? नको ते दोनदा घ्यायचं, म्हणजे ते आपोआप जाईल; हवं ते मात्र दोनदा घेऊन दुप्पट करायचं. सुचल्यावर सोपं वाटतं, पण आधी सुचायला पाहिजे.

जुन्या पिकअपच्या खाचेत बसतील असेच हवे होते. पुठ्ठ्याचा साचा कापला, उंची मोजली, तारा खालून कुठून कुठे जातात याचं चित्र काढलं. ह्यांनी मोबाइलवर ऑर्डर दिली. कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा आमच्या गल्लीत टँकर लागलेला होता. मी रांगेत होते, हे घागरी सोडून कुरिअर आणायला पळाले. शेजारीण म्हणाली, “भाऊंचा काही निकाल आला का?”

बदलायला बसलो तो दिवस मला लख्ख आठवतो. पलंगावर गादी, गादीवर चादर, चादरीवर गिटार, पेशंटसारखी. भरीव गिटारला मागून झाकण असतं, ते उघडलं की सगळं समोर. पोकळ गिटारला असं काही नाही. आवाजाची बटणं, तारा, जोडणी सगळं पोटात, आणि आत जायला वाट फक्त त्या वळणदार फटीची. बोटं शिरतात, हात शिरत नाही. बटणं सोडवून त्या फटीतून बाहेर ओढून काढता येतात. पण परत आत नेऊन नेमक्या भोकांतून वर कशी काढायची?

ह्याला मला चित्र लागलं नाही. परकराला नाडी आम्ही कशी घालतो? जुनी नाडी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला नवी बांधतो. मी प्रत्येक बटणाच्या दांड्याला जाड दोरा बांधला, दुसरं टोक भोकाबाहेर ठेवून चिकटपट्टीनं लाकडावर चिकटवलं, आणि मग एकेक बटण फटीतून बाहेर घेतलं. दोरे वाट धरून आत राहिले.

हे उशाशी बसून होते. आतड्यांसारख्या तारा बाहेर आल्या तसा त्यांचा चेहरा उतरला. “अगं, हे परत आत जाईल ना?”

“बाहेर आलंय ना?”

“हो.”

“मग जाईल. टॉर्च धरा, इकडे नाही, इकडे.”

जुने पिकअप सोडवले, नवे जोडले. डाग देताना निघणारा तो राळेचा वास कितीतरी दिवसांनी घरात आला. दोन्ही फटींच्या आतून जुन्या उशीतला स्पंज थोडा थोडा सारला, पोटाचं घुमणं आवरावं म्हणून. मग दोरे ओढले. बटणं पोटातून सरकत आली आणि एकेक करून आपल्या भोकातून डोकं वर काढून उभी राहिली. शेवटचं बटण आलं तेव्हा ह्यांनी टाळी वाजवली.

अँप चालू केला. काहीच नाही.

मी मनात म्हटलं, कुठला तरी डाग सुटला. बटण पुढे नेलं, आणखी पुढे. काही नाही. कुठे सुटला असेल याची मनातल्या मनात उजळणी सुरू केली. तेवढ्यात ह्यांनी सहज अंगठा तारांवरून फिरवला.

मी दचकून मागे सरले. खोली भरून गेली होती. डाग सुटलेला नव्हता. घुरघुर गेली होती, आणि ती नसण्याची मला इतकी सवय नव्हती की मला वाटलं गिटारच मेली. आवाज जाड, गोल, ऊबदार होता, आणि विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येत होता. शेवटी शेवटी तर बोटांचे घट्टे तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा. ट्यूबलाइट चालू, टीव्ही चालू, आणि हे कुठेही तोंड करून फिरत होते, एक सूर छेडायचा, वळायचं, परत छेडायचा. पाण्याच्या पिंपांमध्ये पन्नाशीचा माणूस गिरक्या घेत होता. मी त्यांना थांबवलं नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुखेडला पोचलो. विहारापुढे मांडव, निळ्या पताका, स्टेजवर अक्कांचा माईक, दोन बाजूंना छातीएवढे स्पीकर. कमिटीतल्या बायकांनी मांडव घालणाऱ्यांसाठी वरण-भात रांधला होता. जेवणं उरकून भांडी घासायला बसल्या होत्या. सूर्य कलला होता, पण ऊन तापलेलंच.

साउंडवाल्यानं वायर जोडली, खटका दाबला, आणि दोन्ही स्पीकरमधून घुरघुर आली.

तीच घुरघुर. घरातल्यापेक्षा कितीतरी मोठी.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ह्यांच्याकडेही नाही. स्पीकरकडे पाहिलं. मग माईक ओढला आणि गाणं सुरू केलं, ढोलकी आली, कीबोर्ड आला. ह्यांनी वाजवलं. वाजवत होते तोवर बरं, पण एक ओळ संपून हात तारांवरून उचलला की परत घुर्र. कडव्यांच्या मधली शांतता म्हणजे अक्कांच्या गाण्याचा जीव. तिथेच ती येऊन बसत होती. अर्ध्या गाण्यावर अक्कांनी तोंड माईकपासून झटकन मागे घेतलं, ओठांवर हात ठेवला आणि गाणं थांबवलं.

“बास,” त्या म्हणाल्या. “ठेव रे ते. म्या बोलले व्हते.”

ह्यांनी पट्टा गळ्यातून काढला. कव्हरची चेन उघडली. इतक्या सावकाशीनं की मला बघवेना, आणि बघवेना म्हणून मी दुसरीकडे बघायला लागले, आणि विचार करायला लागले.

हात तारांवर असताना बंद. हात उचलला की सुरू. हे पिकअपचं लक्षण नाही.

“अक्का, तोंडाला काय झालं?”

“काय व्हतंय? माईक चावतो. सकाळपासून चावून राहिलाय मेला. मुंग्या आल्यावानी.”

“चावतो म्हणजे करंट?”

“मला काय ठाव करंट का फिरंट.”

मी साउंडवाल्याकडे वळले. “अर्थिंग कुठाय?”

“हाय की, मॅडम. विहाराच्या मागं खड्डा हाय. कोळसा, मीठ, समदं घालून केलेला. पक्का.”

“त्यात पाणी कधी घातलंय?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. ढोलकीवरचे दाजीही बघत राहिले. पाणी? खड्ड्यात?

एक्स्चेंजमध्ये उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं हे माझ्या कामातलंच काम होतं. जमीन ओली असेल तरच ती भरकटलेली वीज पोटात घेते. कोरडी जमीन काही घेत नाही, मग ती वीज माईकला, तारांना, जो कोणी हात लावेल त्याच्या अंगाला चिकटते आणि स्पीकरमधून घुरघुरते. इथे कोणाचीच चूक नव्हती. इतकं कडक वर्ष, घोटभर पाणीही कुणी जमिनीवर सांडत नव्हतं. सगळ्यांनी पाणी नीट वाचवलं होतं, म्हणूनच खड्डा मेला होता.

मी विहारामागे गेले. जमिनीतून लोखंडी पाइप वर आलेला, तोंडाशी गाळणीसारखं नरसाळं, त्यात वाळलेली पानं. पानं काढली. परतीच्या प्रवासासाठी पिशवीत ठेवलेली पाण्याची बाटली उघडली आणि ओतली.

“अगं बाई!” भांडी घासणारी एक जण उठून उभी राहिली. “पाणी वतलं हिनं! जमिनीत वतलं!”

मला ती नजर अजून आठवते. मी कोणाला तरी मारलं असतं तरी त्यांनी असंच बघितलं असतं.  माझ्याच यादीत पाणी वाचवण्याच्या किती ओळी होत्या.

पण स्टेजवरून दाजींचा आवाज आला. “हाव! कमी झालं! थोडं कमी झालं!”

अक्का चालत मागे आल्या. पाइपाकडे बघितलं, रिकाम्या बाटलीकडे बघितलं. “हे पाणी पिऊन गप बसतंय म्हणता?”

“हो. भोपळ्याला नाही, जमिनीला पाजायचं. पण बाटलीनं नाही भागणार. चांगल्या पाण्याची गरज नाही. घाणेरडंही चालेल. खारट असलं तर उलट चांगलंच.”

अक्कांनी बायकांकडे वळून बघितलं. भांडी धुतलेल्या खरकट्या पाण्याच्या बादल्या भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या होत्या. त्या वर्षी ते पाणी विहाराच्या कोवळ्या पिंपळाला जायचं, रोज.

“ते आणा हिकडं.”

“अक्का, ते पिंपळाचं हाय.”

“म्हाईत हाय. उद्या जयंतीचा सैपाक हाय, उद्या त्याला लई मिळंल. आज हिकडं आणा.”

पहिली बादली आली. बाई कडेला वाकली, नरसाळ्यात हळूहळू ओतायला लागली, एक थेंबही बाहेर जाऊ न देता. आणि पुढच्या बाजूला, मांडवापलीकडे, स्पीकरमधली घुरघुर खाली उतरायला लागली.

खटका बंद केल्यासारखी नाही. उतरत गेली. गाडी लांब जाताना तिचा आवाज जसा जातो तशी. दुसरी बादली आली.  मांडवावर चढलेले लोक दोऱ्या तशाच धरून थांबले. बायका ओले हात घेऊन उभ्या होत्या. तिसरी बादली ओतता ओतता कुठल्या क्षणी आवाज संपला ते मला सांगता यायचं नाही. एवढंच कळलं की मला पताकांची फडफड ऐकू येत होती, आणि ती किती वेळ आधीपासून येत होती ते ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे उभे राहून जमीन पाणी पिताना ऐकत होतो. आयुष्यभर मी अर्थिंगला पाणी घातलं, पण ते ऐकलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये कोणाला ऐकवायला स्पीकर होते?

जी बाई माझ्यावर ओरडली होती तिनं रिकामी बादली खाली ठेवली आणि खाली वाकून ओल्या मातीवर तळवा टेकवला.

आम्ही पुढे आलो. हे स्टेजच्या कडेला कव्हरशेजारी बसलेले होते. चेन अर्धी लावलेली.

“काढ की भाईर,” अक्का म्हणाल्या. “बसलास काय?”

ह्यांनी गिटार काढली, पट्टा गळ्यात घातला, वायर खोचली. स्पीकर गप्प होते, इतके गप्प की साउंडवाल्यानं उगाच एकदा मशीनवरच्या दिव्याकडे नजर टाकून सगळं चालू आहे ना ते बघितलं. ह्यांनी एक सूर छेडला. तो मांडवाखालून निघून रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकून थांबला. सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही.

अक्कांनी बोटाच्या टोकानं माईकला हात लावून बघितला. चावला नाही. पूर्ण मुठीत धरला.

“आता असं,” त्या ह्यांना म्हणाल्या. “पहिलं गाणं तू उचलायचं. एकटा. म्या मागून येते.”

“मी? आधी?”

“न्हाई तर काय दाजीला सांगू?”

दाजींनी ढोलकीवरून हात उचलून मांडीवर ठेवले. कीबोर्डवाल्यानंही हात काढून घेतले. हे एक पाऊल पुढे आले. मला वाटलं होतं माझ्याकडे बघतील. नाही बघितलं. डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली, खाली मान घातली आणि सुरुवात केली. अक्का माईक छातीशी धरून, डोळे मिटून, आपली ओळ यायची वाट बघत उभ्या राहिल्या.